कारखान्यानंतर जलरंग, आणि फसलेल्या चित्रांचा ढीग

सातपूरकर | रविवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय 64. सातपूर एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप. 1989 ला दोन पॉवर प्रेसवर सुरू केलं, 2023 च्या दिवाळीत मुलाच्या हाती दिलं. वहीपूजन त्याने केलं, मी शेजारी बसलो. चौतीस वर्षं पत्र्याचे पार्ट काढले: ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर. भाऊबीज झाल्यावर सकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे चपला घातल्या आणि जायचं कुठे ते कळेना. त्याच आठवड्यात मेन रोडवर जाऊन रंगांची पेटी, तीन ब्रश आणि कागदाचं पॅड घेऊन आलो.

हे अचानक नव्हतं. वडील नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये होते. तिथून चिटोराही बाहेर आणता येत नसे, पण घरी पगाराची नोट हातात आली की ते खिडकीशी बसून मला भिंग द्यायचे. "बघ, सावली कुठेच नाहीये, सगळ्या रेघा आहेत. जवळ आल्या की अंधार, लांब गेल्या की उजेड." मी सहावीत असेन. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली. मग डिप्लोमा, नोकरी, धंदा. चित्र म्हणजे पार्टचं ड्रॉइंग, एवढंच उरलं.

सुरुवातीला एका क्लासला गेलो. तिथे फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा उतरवायच्या आणि सांगितलेले रंग भरायचे. महिन्यात चार चित्रं 'तयार' झाली, पाहुण्यांनी वाखाणली. मला मात्र ती माझी वाटेनात. पैसे भरले होते तरी सोडला, आणि स्टूल घेऊन गोदाघाटावर जाऊन बसलो.

पहिले सहा महिने नारोशंकराचं देऊळच करत होतो, समोरच्या काठावरून. देऊळ काळ्या दगडाचं, म्हणून मी ट्यूबमधला काळा लावायचो. चित्रात देवळाच्या जागी भोक पडल्यासारखं दिसायचं. काय चुकतंय ते कळेना. एक दिवस ऊन लागलं म्हणून छत्री उघडली. तिची काळी कड नजरेत देवळाच्या शेजारी आली आणि मी बघतच राहिलो. छत्री काळी होती. देऊळ काळं नव्हतंच! दगडावर आकाशाचा निळा होता, खालच्या फरशीवरून उडालेला तांबूस होता, आणि सगळं मिळून छत्रीपेक्षा कितीतरी उजळ होतं. मला 'काळा दगड' हे शब्द माहीत होते आणि मी ते शब्द रंगवत होतो.

मग मी माझ्या पद्धतीने उपाय काढला. शॉपमध्ये भोक बरोबर आहे का ते बघायला गो-नोगो गेज असतं. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. तसं मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ छटा रंगवल्या आणि प्रत्येकीत एक भोक पाडलं. भोकातून देवळाची भिंत बघायची. पट्टीपेक्षा गडद की उजळ? नारोशंकराची उन्हातली भिंत चौथ्या छटेत बसली. मी आजवर आठवी-नववी लावत होतो. त्या दिवशी घरी येताना जो आनंद झाला तो पहिली मोठी ऑर्डर मिळाल्यावरही झाला नव्हता.

आता काळी ट्यूब पेटीतून काढून टाकली आहे. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळून जो राखाडी येतो तोच आपला दगड. निळा जरा जास्त पडला की सकाळ, तांबडा जास्त पडला की संध्याकाळ.

आता प्रश्न. कारखान्यात पार्ट एकतर पास, नाहीतर लाल बिनमध्ये. लाल बिन भरलं की भंगारात, किलोवर. मधली एकच वाट, रीवर्क. ही सवय माझ्या अंगात मुरली आहे. चित्र फसलं की माझा हात कागद फाडायलाच जातो. पहिल्या वर्षात साठेक फाडले. मग सौ. ने हात धरला, तेव्हापासून उरलेले माळ्यावर टाकतो. दोनशेच्या वर झालेत. त्यांतले मला आवडतात असे सात.

तुम्ही फसलेल्या चित्रांचं काय करता? फाडता, ठेवता, धुऊन पुन्हा करता? विशेषतः जे धंद्यातून किंवा नोकरीतून उशिरा इकडे वळले त्यांना विचारतोय. चूक बघून अस्वस्थ होण्यावरच आम्ही पोट भरलं आहे. ती नजर इथे ठेवायची की सोडायची?

---

देवळालीचा_वारा | रविवार, रात्री 10.25

काका, छत्रीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. खूप छान लिहिलंय.

आधी एक विचारतो, कागद कोणता वापरता? साधं पॅड असेल तर निम्म्या चुका तुमच्या नाहीत, कागदाच्या आहेत. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, डागाडागाने वाळतो. शंभर टक्के कॉटन, 300 जीएसएम जाडीचा घेऊन बघा. महाग पडतो हे खरं, पण मोठी शीट घेऊन चार तुकडे केले की परवडतं. शिवाय मागची बाजूही वापरता येते.

धुण्याचं म्हणाल तर कॉटनचा कागद नळाखाली धरून मऊ ब्रशने पुसला तर अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी निघतात. थॅलो ब्लू लावला असेल तर विसरा, तो कागदात मुरतो. धुतल्यावर जी पुसट छाया राहते तिच्यावर नवीन चित्र कधीकधी फार सुंदर बसतं. तुमचं रीवर्कच म्हणा ना.

---

मोगरा_नाशिकरोड | सोमवार, सकाळी 6.50

दादा, मीही नाशिकरोडचीच. बत्तीस वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ कर्ज विभागात. चूक शोधणं हेच माझंही काम. निवृत्त झाल्यावर तैलरंग घेतले, पण टर्पेंटाइनच्या वासाने घरात नातवाला त्रास व्हायला लागला, म्हणून ॲक्रिलिकवर आले.

मी एकही चित्र फाडलेलं नाही. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ आणि एक ओळ लिहिते. 'आज घाई होती.' 'हिरवा कच्चा राहिला.' 'आईची आठवण, रंग पातळ.' बँकेत फाइलवर शेरा मारायचो तसंच, पण इथे नामंजूर असा शेरा नाही. दोन वर्षांनी त्या ओळी सलग वाचल्या तेव्हा लक्षात आलं की माझं प्रत्येक फसलेलं चित्र संध्याकाळी पाचनंतरचं आहे. स्वयंपाकाची वेळ जवळ आली की माझा हात पळतो. आता मी फक्त सकाळी रंगवते. ती चित्रं फाडली असती तर हे मला कधी कळलं असतं?

---

उलटतपासणी | सोमवार, सकाळी 11.15

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ठेवायला हरकत नाही, पण सगळंच जपायचं म्हटलं की निवड करण्याची शक्ती जाते. मोने या फ्रेंच चित्रकाराने 1908 मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर कमळतळ्याची पंधराएक चित्रं स्वतः नष्ट केली. त्याला ती पुरेशी चांगली वाटली नाहीत. ती नजर होती म्हणून तो मोने.

आणि सातपूरकर, तुमच्या धंद्याने तुम्हाला दर्जाची चाड शिकवली असेल तर ती का सोडावी? हौशी चित्रकारांत 'मनाला आनंद मिळाला ना, झालं तर' हे फार बोकाळलं आहे. आनंद तर आहेच, पण चित्र चांगलं व्हावं असंही वाटायला हवं.

---

सातपूरकर | सोमवार, दुपारी 1.30

राग कसला, हाच तर प्रश्न आहे. मला चित्र चांगलंच व्हायला हवं आहे. वेळ घालवायचा असता तर जॉगिंग ट्रॅकवर बाकं पुष्कळ आहेत.

पण एक फरक सांगतो. शॉपमध्ये पार्ट बरोबर की चूक हे ठरवायला समोर ड्रॉइंग असतं, त्यावर माप आणि टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, लिहिलेलं असतं. इथे माझ्याकडे ड्रॉइंग नाही. मी चित्र कशाशी ताडून नापास करतोय हेच मला माहीत नाही. मोनेला ते माहीत असणार.

वारा, कागद साधाच आहे. पावसाळ्यात वॉश अर्धा तास वाळत नाही आणि एप्रिलमध्ये अकरा वाजता ब्रश उचलायच्या आत वाळतो, त्याचा सगळा दोष मी स्वतःकडे घेत होतो. कॉटनचा मागवतो.

---

डोळस | सोमवार, रात्री 8.05

मी नेत्रतज्ज्ञ आहे, चित्रकलेत शून्य. पण वर मोनेचं नाव आलं म्हणून लिहितो. त्याला मोतीबिंदू होता. त्या काळातली त्याची काही चित्रं तांबडी-पिवळी दिसतात. 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला निळा वेगळा दिसू लागला.

सांगायचं कारण असं की साठीनंतर डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळं पडतं आणि निळ्या-जांभळ्यातले बारीक फरक कमी कळतात. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. साठीपुढच्या सर्व चित्रकारांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले पेशंट आलटून पालटून एकेक डोळा झाकून पांढरी भिंत बघतात आणि चकित होतात. एकीकडे चुन्याची भिंत, दुसरीकडे चहा सांडलेली.

---

किराणाभुसार | सोमवार, रात्री 11.20

मी अजून सुरुवातच केलेली नाही, तरी लिहितो. रविवार कारंजावर दुकान, वय 58. दोन वर्षांपूर्वी सुनेने वाढदिवसाला रंग दिले, ते तसेच गल्ल्यामागच्या फळीवर आहेत. सातपूरकर भाऊ, तुमच्यासारखं इंटरमिजिएट वगैरे माझ्याकडे काही नाही. दुकानात रिकाम्या वेळी बिलाच्या पाठीवर गिऱ्हाइकांचे चेहरे काढतो, दुकान बंद करताना फेकून देतो. नोकराने परवा एक उचलून स्वतःच्या पाकिटात ठेवला. त्याच्या आजीचा होता, ती त्याला भेटायला आली होती. आजी आता नाही. त्याने मला दाखवला तेव्हा मला बोलायलाच सुचेना.

प्रश्न एवढाच, मी थेट रंग घेऊ की आधी रेघ शिकू?

---

खडू_फळा | मंगळवार, सकाळी 7.30

छत्तीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवली. आता निवृत्त. तुम्हा दोघांनाही उत्तर देतो.

किराणाभुसार, तुमच्याकडे रेघ आहे. माणूस हलत असताना, वजनकाटा चालू असताना तुम्ही चेहरा पकडता, हे शाळेत शिकवून येत नाही. उद्यापासून बिलं फेकू नका. रंग घ्या, पण एकच घ्या. बर्न्ट सिएना आणि पाणी, बस्स. एका रंगाच्या छटांत चेहरा करता आला की बाकीचे रंग आपोआप रांगेत येतात.

सातपूरकर, तुमची नऊ छटांची पट्टी फार चांगली आहे. मी वर्गात अशीच करून घेत असे, पण भोक पाडायचं मला सुचलं नाही. आता ती जरा बाजूला ठेवायची वेळ आली आहे. पट्टीने भिंत मोजली, आता भिंत, पाणी आणि आकाश तिन्ही एका नजरेत घ्या. डोळे किलकिले करा. बारकावे जातात, मोठे आकार उरतात. तिथून सुरुवात.

जागेबद्दल एक सांगतो. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. म्हणून नारोशंकर पूर्वेच्या काठावर, तुम्ही पश्चिमेच्या. सकाळी सूर्य देवळामागे असतो, त्यामुळे तुम्हाला देवळाचा आकार मिळतो, अंगावरचं नक्षीकाम मिळत नाही. संध्याकाळी तेच देऊळ समोरून उजळतं आणि प्रत्येक थर वेगळा होतो. तुमची चौथी छटा संध्याकाळची असणार. बरोबर?

आणि फसलेल्या चित्रांबद्दल. आपल्याच शहरात शिवाजी तुपे यांच्यासारखे जलरंगातले मोठे निसर्गचित्रकार होऊन गेले. त्यांची चित्रं बघताना मी विद्यार्थ्यांना विचारायचो, यात रंग न लावलेला कागद कुठे कुठे आहे ते दाखवा. मुलं दहा मिनिटं शोधत बसायची. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. कुठे हात थांबवला यावर सगळं आहे. फसलेल्या चित्रांत हेच बघा. हात कुठे थांबायला हवा होता? माझा अंदाज आहे की दोनशेतली निम्मी चित्रं शेवटच्या दहा मिनिटांत बिघडलेली असतील. तोवरची बरी असतील.

तेव्हा फाडू नका. वर्षभर भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग काढून बघा.

---

मोगरा_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी 9.10

सर, 'शेवटची दहा मिनिटं' वाचलं आणि उठून जाऊन चार चित्रं काढून बघितली. खरं आहे.

बँकेवरून आठवलं. चित्रकार कृष्ण खन्ना ग्रिंडलेज बँकेत होते. 1961 मध्ये त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा बँकेतून बाहेर पडताना त्यांना घ्यायला हुसेन, गायतोंडे आणि बाळ छाबडा हे चित्रकार मित्र येऊन थांबले होते. मी निवृत्त झाले त्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी एकटीच आले, पण ही गोष्ट मला माहीत होती आणि रिक्षात मी तोच विचार करत होते, की मला न्यायलाही कुणीतरी येऊन थांबलं आहे.

आणि उलटतपासणी यांना म्हणेन, मोने एक झाला, तसे रवींद्रनाथ. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून ते आकार करत. त्यातून पुढे चित्रं आली, तीही साठी ओलांडल्यावर. 1930 मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन भरलं. त्यांच्या चित्रांचा उगमच खाडाखोडीत आहे.

---

उलटतपासणी | मंगळवार, दुपारी 12.40

ताई, हे उदाहरण मान्य. खोडलेल्या ओळीकडे पुन्हा बघण्याइतका वेळ त्यांनी तिला दिला. सरांचं 'वर्षभर भिंतीकडे तोंड' तेच सांगतंय. निवड करायचीच, पण त्याच दिवशी करायची नाही, इथवर मी आलो.

---

सातपूरकर | बुधवार, रात्री 10.15

सर, चौथी छटा संध्याकाळचीच! डायरीत वेळ लिहिली होती, पावणेसहा.

आज दुपारी मुलाला बोलावून माळा रिकामा केला. तो शॉपमधून आला तो तसाच, हाताला कटिंग ऑइलचा वास. सगळे कागद हॉलमध्ये पसरले. सोफा, जमीन, जेवणाचं टेबल, सगळीकडे गोदावरी. सौ. ने वरून एक पिशवी आणली. मी फाडलेले पहिल्या वर्षाचे तुकडे तिने ठेवले होते. मला माहीतच नव्हतं.

सरांनी सांगितलं तसं बघायला लागलो, हात कुठे थांबायला हवा होता. सांगतो काय झालं ते. पहिल्या पावसाळ्यातलं एक चित्र आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं होतं, लोक पुलावर उभे राहून बघत होते. त्यात मी माणसं, छत्र्या, पुलाचे कठडे सगळं घातलं आणि चित्र चिखल झालं म्हणून नापास केलं. आज पुठ्ठ्याची चौकट ठेवून वरचा भाग झाकला. खाली नुसतं पाणी उरलं. मातकट, वेगाचं, एका मोठ्या ब्रशने एका दमात ओढलेलं, मध्ये कोरा कागद फेसासारखा सुटलेला. ते पाणी मला आज करता येणार नाही. तेव्हा घाबरून पटकन केलं होतं.

मुलगा बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबा, हे ऑफिसात लावू?" चौतीस वर्षं त्या ऑफिसात कॅलेंडर आणि आयएसओचं सर्टिफिकेट सोडून भिंतीवर काही नव्हतं.

तो चौकटीचा तुकडा कापून दिला आहे. बाकीच्यांच्या मागे मोगराताईंसारखी एकेक ओळ लिहायला घेतली. पंचेचाळीस झाल्या. फाडलेल्या तुकड्यांचं काय करायचं ते ठरलं नाही, पिशवी परत सौ. कडे दिली.

किराणाभुसार, रविवारी पहाटे साडेसहाला घाटावर या. मी नारोशंकराच्या समोर, सुंदरनारायणाच्या बाजूला असतो. एक स्टूल जास्तीचं आणेन. रंग एकच आणा, सरांनी सांगितलेला.

---

किराणाभुसार | बुधवार, रात्री 11.50

येतो. रविवारी दुकान उशिरा उघडतो. ते बिल नोकराकडून एका दिवसापुरतं मागून घेतलंय, सरांना दाखवायचं आहे. सर, तुम्ही येणार ना?

---

खडू_फळा | गुरुवार, सकाळी 6.05

येतो. पण मला स्टूल नको, पायऱ्यांवर बसायची सवय आहे. थंडी आहे, कागद वाळायला वेळ लागेल. येताना थर्मासमध्ये चहा आणा कुणीतरी.